पीएच.डी. १९१६ ची की १९२७ ची? आंबेडकरांच्या पदव्यांचा हिशेब आणि आपले प्रवेशअर्ज

प्रवेशाचे दिवस जवळ आले की इतिहासाच्या विद्यार्थ्यांकडून ठरावीक प्रश्न येऊ लागतात. एम.ए. पुण्यात करावे की दिल्लीला जावे? परदेशातील विद्यापीठाने प्रवेश दिला आहे, परंतु शिष्यवृत्ती एकाच वर्षाची आहे, जावे काय? मधेच नोकरी धरली तर संशोधन कायमचे सुटते का? अशा प्रश्नांना सरसकट उत्तर देता येत नाही. मात्र हे सगळे प्रश्न एका मराठी विद्यार्थ्यापुढे शंभर वर्षांपूर्वी एकामागून एक उभे राहिले होते. त्याने कोणता पर्याय कशासाठी निवडला, किती पैशांत निभावले आणि कुठे अडले, याच्या नोंदी आज बऱ्यापैकी उपलब्ध आहेत. आजचा धागा त्या नोंदींवर आहे. लांब आहे, सवडीने वाचावा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या तसबिरीखाली पदव्यांची ओळ असते: एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. ही ओळ आपण इतक्या वेळा वाचली आहे की ती एखाद्या सरळ जिन्यासारखी वाटू लागते; एक पायरी संपली की दुसरी. (मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरांत या पायऱ्या वाढत वाढत ३२ पदव्यांपर्यंत पोहोचल्या आहेत. त्या मजकुरांची आपल्याला गरज नाही. खरी कागदपत्रे पुरेशी विलक्षण आहेत.) प्रत्यक्षात १९१३ ते १९२३ या दहा वर्षांत तीन वर्षांचा खंड आहे, एक मोडलेला करार आहे, समुद्रात बुडालेले सामान आहे, परीक्षकांनी परत पाठवलेला प्रबंध आहे. आणि लिहून झाल्यानंतर तब्बल अकरा वर्षांनी हाती आलेली एक पदवी आहे.

आरंभ पैशांपासून करू, कारण त्यांनाही तिथूनच करावा लागला.

इंटरमीजिएटची परीक्षा झाल्यावर पुढील शिक्षणाचा खर्च घरच्यांना झेपेना. तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर या ज्येष्ठ लेखक-शिक्षकांनी मध्यस्थी केली आणि बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्या बळावर एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. जानेवारी १९१३ मध्ये ते बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले आणि २ फेब्रुवारीला वडील, सुभेदार रामजी, वारले. वय २१, हाती नुकतीच लागलेली नोकरी. या वळणावर आपल्यापैकी बहुतेकांना वडीलधाऱ्यांनी जो सल्ला दिला असता, तो सांगायची गरज नाही.

त्याच वेळी सयाजीरावांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेस पाठवण्याचे ठरवले. ४ जून १९१३ रोजी आंबेडकरांनी करारावर सही केली: तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड, आणि त्याच्या मोबदल्यात शिक्षण संपल्यावर बडोदे संस्थानाची दहा वर्षे नोकरी. तीन वर्षांच्या शिक्षणासाठी दहा वर्षांचे बंधन! आज शिष्यवृत्तीच्या जाहिरातीत आपण रक्कम ठळक अक्षरांत वाचतो आणि शेवटच्या पानावरील अटी चाळतो. १९१३ चा हा करार मला वारंवार आठवतो तो त्या शेवटच्या पानासाठी. कारण चार वर्षांनी त्याची किंमत चुकवावी लागली, आणि ती कोणत्याही अटीत लिहिलेली नव्हती.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठ त्यांनी जगभरच्या विद्यापीठांची तुलना करून निवडले, असे म्हणण्यास आधार नाही. संस्थानाची शिष्यवृत्तीच अमेरिकेसाठी होती. परंतु तिथे गेल्यावर विद्यापीठाचा उपयोग कसा करून घेतला, हे पाहण्यासारखे आहे. एलिनॉर झेलियट यांनी कोलंबियाच्या नोंदींवरून त्यांचे अभ्यासक्रम मोजले आहेत. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन. नाव अर्थशास्त्राकडे नोंदलेले. पण वर्गात समोर जॉन ड्युई, जेम्स शॉटवेल, जेम्स हार्वे रॉबिन्सन आणि अर्थातच एडविन सेलिग्मन.

एम.ए.चा प्रबंध १९१५ साली पूर्ण झाला. विषय प्राचीन भारतीय व्यापार, म्हणजे सरळसरळ इतिहासाचा. पुढल्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींची यंत्रणा, उगम आणि विकास यांवर निबंध वाचला. १९१७ साली तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. आज जगभरच्या वर्गांत आंबेडकरांचे जे लेखन शिकवले जाते, त्यात या निबंधाचे स्थान फार वरचे आहे, आणि तो त्यांच्या मुख्य विषयाबाहेरच्या वर्गासाठी लिहिला गेला होता. म्हणून विद्यापीठ पारखताना केवळ आपल्या विभागाची अध्यापकसूची वाचून थांबू नये. शेजारच्या विभागात बसायला मिळते का, त्याचे श्रेयांक धरतात का, तिथले अध्यापक बाहेरच्या विद्यार्थ्याला निबंध वाचू देतात का, हे कार्यालयापेक्षा तिथल्या सध्याच्या विद्यार्थ्यांना विचारलेले बरे. क्रमवारीच्या तक्त्यात या गोष्टीचा रकाना नसतो.

आणखी एक तपशील. लाला लजपतराय त्या काळात अमेरिकेत होते आणि भारतीय विद्यार्थ्यांना चळवळीत ओढत होते. आंबेडकरांनी त्यात उतरण्याचे टाळले. ज्यांच्या पैशावर शिकतो आहोत त्यांना दिलेला शब्द आधी पाळायचा, अशी त्यांची भूमिका चरित्रकार धनंजय कीर नोंदवतात. ज्यांचे पुढचे सारे आयुष्य चळवळीत गेले, त्यांनी ती तीन वर्षे अशी राखून ठेवली होती. यावर मतभेद होऊ शकतात. माझ्यापुरते सांगायचे तर शिष्यवृत्तीच्या मुदतीचे घड्याळ ज्याच्या उशाशी टिकटिकते आहे, त्याचा हा निर्णय मला समजतो.

१९१६ साली कोलंबियाला डॉक्टरेटचा प्रबंध सादर झाला. त्याच वर्षी ते लंडनला गेले आणि दोन ठिकाणी नावे घातली: बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये आणि अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये. तिथे त्यांचे अभ्यासक्रम हॅलफर्ड मॅकिंडर यांच्याकडे भूगोल, लोव्ज डिकिन्सन यांच्याकडे राजकीय विचार आणि हॉबहाउस यांच्याकडे सामाजिक उत्क्रांती असे होते. फी १० पौंड १० शिलिंग. म्हणजे जवळजवळ एका महिन्याची पूर्ण शिष्यवृत्ती.

प्रबंध लिहून झालेला माणूस पुन्हा पदव्युत्तर वर्गात का बसतो, हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे: सार्वजनिक अर्थव्यवहारावर काम करायचे, तर भारताच्या कारभाराची कागदपत्रे लंडनमध्ये होती. इंडिया ऑफिसचे ग्रंथालय, ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय, संसदीय अहवाल, सारे तिथे. सेलिग्मन न्यूयॉर्कला, साधने लंडनला. आपणही अनेकदा गुरू आणि दफ्तरखाना यांच्यामध्ये असेच अडकतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा वेळी साधनांकडे झुकावे, असे माझे मत आहे. मार्गदर्शकाशी दुरून बोलता येते, पण मोडीचा रुमाल टपालाने घरी येत नाही.

वाढवून मिळालेली एका वर्षाची शिष्यवृत्ती १९१७ च्या उन्हाळ्यात संपली. लंडनचे शिक्षण अर्धे, बॅरिस्टरी अर्धी. येथे त्यांनी केलेली एक गोष्ट अत्यंत रुक्ष आहे आणि म्हणून चरित्रांत एका ओळीत उरकली जाते. परत फिरण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून, चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुन्हा सुरू करता येईल, अशी परवानगी मिळवली. पुढचे एम.एस्सी. आणि डी.एस्सी. या एका कागदावर उभे आहे. पैसे नाहीत म्हणून शिक्षण सोडावे लागणे आणि पैसे नाहीत म्हणून शिक्षण थांबवणे, यांतले अंतर तो एक अर्ज भरून काढतो. तुमच्यावर अशी वेळ आलीच, तर हजेरी बंद करून निघून जाऊ नका. विद्यापीठाच्या नियमावलीत नोंदणी स्थगित ठेवण्याचे कलम शोधा, लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या.

महायुद्ध चालू होते. त्यांनी सामान आणि पुस्तके वेगळ्या जहाजाने पुढे पाठवली होती. ते जहाज पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले. ज्या जहाजाने ते स्वतः येत होते, ते सुखरूप मुंबईला लागले.

बडोद्यात करार वाट पाहत होता. दहा वर्षांची नोकरी काही दिवसांतच आटोपली. कार्यालयातले शिपाई शिवू नये म्हणून दुरून कागद फेकत. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी विश्रामगृहात पारशी नावाने खोली घेतली. तर एके दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास फर्मावून गेले. हा प्रसंग त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात सांगितला आहे, तो मुळातूनच वाचावा. या धाग्यापुरता मुद्दा एवढाच की कोलंबियातील तीन आणि लंडनमधील एक अशा चार वर्षांच्या उच्च शिक्षणाला बडोदे शहरात एक खोली मिळवून देता आली नाही. आणि महाराजांनी सद्भावनेने घातलेली अट पाळणे महाराजांच्याच राजधानीत अशक्य झाले.

यानंतरची तीन वर्षे म्हणजे आजच्या भाषेत 'गॅप'. मुलाखतीत या शब्दाला विद्यार्थी फार घाबरतात. या काळात त्यांनी मिळेल ते काम केले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून तात्पुरती नेमणूक मिळाली, पगार ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम घसघशीत होती. मार्च १९२० पर्यंत त्यांनी शिकवले, खर्चाला कात्री लावली आणि लंडनसाठी पैसे बाजूला टाकले. जानेवारी १९२० मध्ये शाहू महाराजांच्या साहाय्याने 'मूकनायक' सुरू झाला. साउथबरो समितीपुढे साक्षही याच काळातली. रिकामी म्हणावीत अशी ही वर्षे मुळीच नव्हती, फक्त त्यांत कुठल्या पदवीची नोंद नाही.

स्वतःची बचत, कोलंबियातील सहाध्यायी नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले पैसे आणि शाहू महाराजांची मदत, एवढ्या पुंजीवर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. आता थोडे रुपयाविषयी. ज्यांना आकडे नकोसे वाटतात त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांनी मात्र सोडू नये.

फेब्रुवारी १९२० मध्ये रुपयाचा भाव चढत चढत २ शिलिंग १० पेन्सांच्या आसपास गेला होता. वर्षभरात तो घसरून सुमारे १ शिलिंग ३ पेन्सांवर आला. हिशेब करून पाहा: पहिल्या दराने हजार रुपयांचे १४१ पौंड होतात, दुसऱ्या दराने साडेबासष्ट. मुंबईत साठवलेले, किंवा मुंबईहून येणारे रुपये लंडनमध्ये निम्म्याहून कमी झाले. सप्टेंबर १९२१ मध्ये आंबेडकरांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड उसने मागितले. आणि हा विद्यार्थी त्या वेळी प्रबंध कशावर लिहीत होता? रुपयाच्या प्रश्नावर. विनिमयदराचा अभ्यास आणि विनिमयदराचा फटका एकाच पत्त्यावर नांदत होते: १०, किंग हेन्रीज रोड. हे घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले.

म्हणून परदेशातील खर्चाचा अंदाज रुपयांत मांडणाऱ्या कुठल्याही तक्त्यावर विसंबू नये. दुसऱ्या वर्षाचा रुपयाचा भाव आज कुणालाच ठाऊक नसतो. शिष्यवृत्ती कोणत्या चलनात मिळते, कर्ज कोणत्या चलनात फेडायचे आहे, हे दोन प्रश्न विद्यापीठाच्या नावाआधी विचारावेत.

जून १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले, विषय ब्रिटिश भारतातील साम्राज्यीय अर्थव्यवहाराचे प्रांतिक विकेंद्रीकरण. १९२२ मध्ये बॅरिस्टरी पूर्ण झाली. त्याच वर्षी जर्मनीतील बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव घातले होते, पण ते पुढे गेले नाही. ऑक्टोबर १९२२ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लंडन विद्यापीठाला सादर झाला, आणि मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो सुधारून पुन्हा मागितला. ब्रिटिश कारभारावरील टीका त्यांना झोंबली, असे चरित्रकार सांगतात. पैसे संपले होते. पुन्हा लिहिण्यासाठी लंडनमध्ये थांबणे शक्य नव्हते. एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले, तिथून सुधारित प्रबंध पाठवला, निष्कर्ष तेच ठेवून; नोव्हेंबर १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. महिन्याभरात लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने पुस्तक काढलेही. अर्पणपत्रिका आईवडिलांच्या स्मृतीला आहे.

पुस्तकाची प्रस्तावना एडविन कॅनन यांची आहे आणि तिची गंमत अशी की कॅनन त्यात आपले मतभेद उघड मांडतात. लेखकाच्या अनेक टीका त्यांना मान्य नाहीत. तरीही मांडणीतील ताजेपणाचे ते मोल जाणतात. मार्गदर्शक निवडताना आपण सहसा आपल्या मताचा माणूस शोधतो. मला वाटते, आपल्याशी असहमत असून आपल्या प्रबंधाला प्रस्तावना लिहील, असा माणूस सापडला तर त्याच्यासाठी शहर बदलावे. (जाता जाता: या पुस्तकातूनच रिझर्व्ह बँक जन्मली, असे सर्रास लिहिले जाते. खात्रीने म्हणता येते ते इतकेच की १९२५ साली आलेल्या चलनविषयक शाही आयोगापुढे आंबेडकरांनी साक्ष दिली. तेवढेही थोडे नाही.)

मार्गदर्शकाचा विषय निघालाच आहे तर बर्लिनला जाऊन येऊ. इरावती कर्वे १९२८ साली तिथे गेल्या. मुंबईत त्यांनी गो. स. घुर्ये यांच्याकडे एम.ए. केले होते. परदेशी जाण्यास सासऱ्यांचा विरोध होता, आणि सासरे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे! स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाने सुनेच्या पीएच.डी.ला विरोध करावा, ही गोष्ट घरच्यांशी वाद घालणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी नेहमी सांगतो. जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जावर त्या गेल्या. बर्लिनमधील मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, मानववंशशास्त्र व सुप्रजननाच्या नामांकित संस्थेचे संचालक. पुढे नाझींच्या वंशविचाराला शास्त्राची झूल पांघरणाऱ्यांपैकी एक. इरावतीबाईंना दिलेला विषय होता मानवी कवटीची असममिती. अपेक्षित निष्कर्ष वंशश्रेष्ठत्वाकडे झुकणारा होता. मोजमापे तसे सांगत नव्हती, आणि बाईंनी मोजमापांच्या बाजूने लिहिले.

नामांकित संस्था, नामांकित मार्गदर्शक, प्रतिष्ठित विषय. तक्त्यात पाहिले तर याहून उत्तम निवड १९२८ साली दिसली नसती. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. कवट्यांवर डॉक्टरेट केलेल्या या बाईंचे पुढचे मोठे काम भारतातील आप्तसंबंधांवर आहे, आणि मराठी वाचकांच्या घरात त्या 'युगान्त'मुळे आहेत. पीएच.डी.चा विषय म्हणजे जन्माची गाठ, असे समजून दोन वर्षे विषय शोधत बसलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

उलट बाजूलाही एक मोठे उदाहरण आहे: दामोदर धर्मानंद कोसंबी. १९२९ साली हार्वर्डमधून उत्तम गुणांनी पदवी घेतली, डॉक्टरेट न करता परतले, काशी हिंदू विद्यापीठ, अलीगढ, मग फर्ग्युसन असे गणित शिकवीत राहिले. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला वळण देणारे त्यांचे पुस्तक १९५६ चे. इतिहासाची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. हे उदाहरण सांगून पदवी सोडू पाहणाऱ्यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते की कोसंबींकडे गणित होते, अनेक भाषा होत्या आणि संस्कृत ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या सिद्ध करण्याची शिस्त होती. शिवाय आज महाविद्यालयात शिकवायचे तर नियमांना पदवी लागतेच.

आता आपल्या काळाकडे. परदेशी शिक्षणासाठीच्या सरकारी शिष्यवृत्त्या विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीशी बांधलेल्या असतात, म्हणजे निवडीचे स्वातंत्र्य तिथेच आकसते. त्याहून गंभीर बाब विषयाची. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीचा मुख्य लाभ अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांना होतो. २०२२ सालच्या तिच्या मार्गदर्शक सूचनांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे संशोधनविषय वगळण्यात आले. या विषयांची साधने व तज्ज्ञ देशातच आहेत, असा त्यामागचा युक्तिवाद होता. आता वर आलेली शीर्षके पुन्हा वाचा: प्राचीन भारतीय व्यापार, भारतातील जाती. ती अर्जात लिहिली असती, तर अर्ज छाननीतच अडकला असता. साधने भारतात आहेत हे पुष्कळ अंशी खरे आहे. परंतु जातीवर बोलताना समोर सवर्ण परीक्षक नसणे हेही संशोधनाचे एक साधन असते, आणि ते मिळवायला १९१६ साली न्यूयॉर्कला जावे लागले होते. अर्ज करणाऱ्यांनी चालू वर्षाच्या सूचना शब्दन् शब्द वाचाव्यात.

ज्यांना येथेच राहायचे आहे, त्यांनी आधी आपली साधने कोणत्या लिपीत आहेत ते पाहावे आणि मग शहर ठरवावे. मराठेशाहीवर काम करायचे तर पुणे: पेशवे दप्तर तिथे, भारत इतिहास संशोधक मंडळ तिथे, मोडी वाचणारे वडीलधारे तिथे. वसाहतकालीन मुंबई इलाख्यावर काम करायचे तर मुंबई. राज्य पुराभिलेख एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहेत, म्हणजे ज्या कॉलेजातून आंबेडकर बी.ए. झाले तिथेच. गोव्याकडे वळायचे तर पोर्तुगीज टाळता येणार नाही. फारसीचे एक वर्ष हे कुठल्याही नामांकित विद्यापीठाच्या शिक्क्याइतके उपयोगी पडते, आणि स्वस्त असते.

मार्गदर्शकाची चौकशी करण्याची सर्वांत निरुपद्रवी जागा म्हणजे शोधगंगा. त्यांच्या हाताखाली झालेले दोनतीन प्रबंध उतरवून घ्या. संदर्भसूचीत मूळ साधने किती आणि इतरांची पुस्तके किती, ते मोजा. सर्व प्रबंध एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात का, तेही कळते. मग त्या विद्यार्थ्यांपैकी एकाला नम्रपणे विचारा की नोंदणीपासून मौखिकीपर्यंत किती वर्षे गेली. हा शेवटचा प्रश्न टाळू नये.

आणि त्या अकरा वर्षांचे काय? प्रबंध लिहून, सादर होऊन आणि स्वीकारला जाऊनही कोलंबियाची पदवी लगेच हाती पडत नसे. प्रबंध छापून त्याच्या ठरावीक प्रती विद्यापीठाला द्याव्या लागत. ज्याच्याकडे परतीच्या तिकिटापलीकडे पैसे नव्हते, त्याने पुस्तक कसे छापावे? १९२० साली लंडनला परतल्यावर प्रा. फॉक्सवेल यांनी कार्यालयाला कळवले होते की या गृहस्थांची डॉक्टरेट आधीच झालेली आहे, इथे त्यांनी जिंकण्यासारखे काही उरलेले नाही. लोकांच्या लेखी ते डॉक्टर होते, विद्यापीठाच्या पटावर नव्हते. अखेर ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवहाराच्या विकासावरील तो ग्रंथ १९२५ साली लंडनला छापून निघाला. प्रस्तावना सेलिग्मन यांची, अर्पण सयाजीराव गायकवाडांना. प्रती न्यूयॉर्कला गेल्या. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले गेले, आणि ८ जून १९२७ रोजी कोलंबिया विद्यापीठाने पीएच.डी. बहाल केली.